पुण्याच्या खेळाला सांगलीची बुद्धी

बेदाण्याच्या सौद्यांचं गाव तासगाव. तिथल्या मुलांच्या मोबाइलवरचा खेळ मात्र पुण्याचाही असू शकतो. ‘मास्कगन’ आणि ‘इंडस’ घडवणारी सुपरगेमिंग कंपनी पुण्याचीच.

अशा खेळातल्या संगणकी प्रतिस्पर्ध्याला डाव ओळखायला शिकवणं हे अस्सल संशोधन आहे. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘इग्गी’ कार्यक्रमातून यॉर्क, एसेक्ससारख्या विद्यापीठांनी पीएचडीच्या विद्यार्थ्यांना खेळ-कंपन्यांशी जोडून दिलं. मुंबईत २०२५ मध्ये सुरू झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजनेही गूगल, एनव्हिडिया अशा कंपन्यांचा हात धरला.

उत्तम! पण सगळं मुंबईतच का?

तासगावपासून जवळ, सांगलीत, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून उभं आहे. पुण्याच्या स्टुडिओंनी आपले अडलेले प्रश्न आणि विद्यावेतन घेऊन तिथवर यायला हवं, आणि महाविद्यालयानेही वाट न पाहता पहिलं पत्र धाडावं.