नाण्याचे छायाचित्र आणि सचोटी

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांतून आजीच्या पेटीत एखादा संस्थानी रुपया बहुधा निघतोच. मुले परगावी स्थिरावली, वाडे मोडले, आणि आता अशी नाणी मोबाइलवर छायाचित्र दाखवून विकली जातात. विकू नयेत, असा उपदेश आम्ही करणार नाही. परंतु दूरच्या ग्राहकास नाणे हाती घेऊन पारखता येत नाही. त्याच्यापुढे छायाचित्र हीच साक्ष असते. ती खरी असावी, एवढाच आमचा आग्रह.

तिसऱ्या सयाजीरावांचा चांदीचा रुपया घेऊ. एका बाजूस महाराजांची मुखाकृती, दुसरीकडे तलवार, 'एक रुपया' ही अक्षरे व विक्रम संवत. पहिले पथ्य हे, की तो चिंचेने वा राखेने घासू नये. काळाने चढलेली काळसर झाक जाणकारास हवी असते. घासल्याने मोल उतरते आणि गेलेली झाक परत येत नाही. नाणे नेहमी कडेने धरावे.

दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या जागी, करड्या कागदावर नाणे ठेवावे. पुस्तकांच्या चवडींचा आधार देऊन मोबाइल नाण्याच्या नेमका वर, समांतर ठेवावा. तिरपा धरल्यास वाटोळे नाणे लांबोळके दिसते. फ्लॅश बंद ठेवावा, कारण त्याने चांदी पांढरीफटक होऊन उठाव हरपतो. उजेड एका अंगाने तिरपा आला, म्हणजे मिशीचे बारकावे आणि गालावरील झीज, दोन्ही उमटतात. फार जवळ गेल्यास मोबाइलचीच सावली पडते. म्हणून किंचित दुरून टिपून मोकळी जागा मागाहून कापावी. दोन्ही बाजू व कड दाखवावी. एका चित्रात मोजपट्टी ठेवावी आणि वजन ग्रॅममध्ये लिहावे. ओरखडा असो, वा गळ्यात घालण्यासाठी लावलेल्या कडीच्या डाकाची खूण असो, तिचे स्वतंत्र चित्र द्यावे.

वाचकहो, कायद्याचेही भान असू द्यावे. शंभर वर्षे उलटलेले नाणे १९७२ च्या कायद्यान्वये पुराणवस्तू ठरते. ते खासगी व्यक्तीस परदेशी धाडता येत नाही व अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो. जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावे शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच कळविले आहे.

आणखी एक विनंती. त्याच चित्रांची एक प्रत, नाणे कोणाच्या पेटीतील होते या नोंदीसह, घरी ठेवावी. नातवंडे पुढे विचारतील, तेव्हा दाखविण्यास तेवढे तरी असेल.