सगळीच पेटी कशाला बदलायची?

दुकानदाराने पेटीचे बाजूचे झाकण काढले, आत डोकावल्यासारखे केले आणि निकाल देऊन टाकला, ‘‘ताई, ह्यात आता काही राम नाही. सगळंच नवं घ्या.’’ लगेच त्याने एका कागदावर आकडाही लिहून दिला : ८५ हजार. प्रसंग मे २०२५ मधला, नाशिकचा. भाच्याची बारावी नुकतीच झाली होती. निकालाच्या आनंदात आईबाप थोडे सैल असतात, हे ओळखून त्याने संगणकाचा विषय काढला होता. पण ज्या घरात संगणक ‘अभ्यासासाठी’ म्हणून येतो आणि खेळांसाठी जुना ठरतो, त्या घरात असा कागद आला की काय वातावरण होते, ते मी सांगायला नको. रात्री बहिणीचा फोन आला. ‘‘तूच समजाव बाबा त्याला.’’ मी समजावण्याऐवजी त्याला पेटीत काय काय आहे ते वाचून दाखवायला सांगितले.

तशी मला यादी पाठ असायला हवी होती. २०१९ च्या दिवाळीत, तो सातवीत असताना, ती पेटी मीच जोडून दिली होती. एएमडीचा रायझन ३ १२०० हा ४ कोअरचा प्रोसेसर, बी४५० जातीचा मदरबोर्ड, एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी मेमरी. गरिबाघरची, पण नेटकी जुळणी. यादी ऐकताना माझ्या लक्षात आले, की ह्यात म्हातारे झाले आहेत ते दोघेच. प्रोसेसर आणि कार्ड. बाकी घर धडधाकट आहे.

खेळ संगणकावर चालतो कसा, हे स्वयंपाकघरातून पाहिले तर चटकन कळते. पाहुणे आले की एकजण पोळ्या लाटते, दुसरी भाजते. प्रोसेसर लाटतो : कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, पुढच्या चित्रात काय काय असणार, हे तो ठरवतो. कार्ड भाजते, म्हणजे ते चित्र रंगवून पडद्यावर वाढते. सेकंदाला अशी ६० चित्रे आली की खेळणाऱ्याची तक्रार नसते. लाटणारी मंद असेल तर तवा नुसता तापत राहतो. भाजणारी मंद असेल तर लाटलेल्या पोळ्या एकमेकींना चिकटून बसतात. तेव्हा मोठा तवा आणण्यापूर्वी कोण कुणासाठी थांबले आहे ते पाहावे. युक्ती सोपी आहे. खेळातल्या चित्राचे रेझोल्यूशन उतरवायचे. वेग वाढला तर कार्ड दमलेले होते. ढिम्म हलला नाही तर प्रोसेसर. भाच्याने हे करून पाहिले. गजबजलेल्या शहरातल्या खेळात प्रोसेसर अडत होता, उघड्या रानातल्या खेळात कार्ड. शिवाय पहिल्या पिढीच्या रायझनला विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जागा नाही, आणि विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होत्या. म्हणजे प्रोसेसरची गरज केवळ खेळापुरती नव्हती.

ह्या दुखण्याला औषध होते, ते मदरबोर्डवरच्या सॉकेटमुळे. २०१७ साली एएमडीने पहिले रायझन आणले ते एएम४ नावाच्या सॉकेटमध्ये, आणि २०२२ साली आलेला ६ कोअरचा रायझन ५ ५६०० देखील त्याच सॉकेटमध्ये बसतो. शेजारी पाहा. इंटेलने २०१७ च्या अखेरीस सॉकेट तसेच ठेवून जुने बोर्ड बाद केले, आणि मग २०२०, २०२१ आणि २०२४ ह्या वर्षांत सॉकेटच बदलले. पण म्हणून एएमडीची आरती ओवाळण्याचे कारण नाही. मे २०२० मध्ये ह्याच कंपनीने जाहीर केले होते, की येणारे नवे प्रोसेसर बी४५० सारख्या जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. गिऱ्हाइकांनी असा काही गदारोळ केला की त्याच महिन्यात तिने शब्द फिरवला. पुढे २०२२ मध्ये तर २०१७ च्या बोर्डांनाही दारे उघडली. अडचण तंत्राची होती म्हणावे, तर ती ओरडल्यावर कशी सुटली? भाच्याची पेटी त्या ओरडणाऱ्या अनोळखी माणसांमुळे वाचली, असे मी मानतो.

आपण मात्र दुकानात गेल्यावर ‘सगळ्यात फास्ट कुठला?’ एवढेच विचारतो. शिवणयंत्र घेताना माझ्या आईने, पट्टा आणि बॉबिन गावात मिळेल का, हे आधी विचारले होते. संगणकाच्या बाबतीत आपण ती अक्कल कुठे गहाण ठेवली?

खरेदीला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. त्याचे पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते तिथे कुणी घेत नाही. ५६०० घेतला. कार्डात रेडिऑन आरएक्स ६६०० ठरवले होते, ८ जीबीचे. विक्रेत्याने त्याहून स्वस्त ६५०० एक्सटी पुढे केले. हा सापळा जुन्या पेटीवाल्यांनी ओळखून असावा. त्या कार्डाला मदरबोर्डशी बोलायला चारच मार्गिका आहेत, आणि बी४५० सारख्या बोर्डावर त्या निम्म्या वेगाने चालतात. वर मेमरी ४ जीबीच. ६६०० ला आठ मार्गिका आहेत, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. दुसरी गोष्ट वीजपुरवठ्याची. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेला एसएमपीएस मी २०१९ मध्ये चालवून घेतला होता, कारण १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागवते, तिला वेगळी वायर लागत नाही. ६६०० चे खाणे १३२ वॅटचे. फुकटच्या डब्याच्या भरवशावर २० हजारांचे कार्ड चालवणे म्हणजे उसनवारीच्या दोरावर बादली सोडणे. चांगला एसएमपीएस आणि मेमरीची आणखी एक ८ जीबीची पट्टी धरून हिशेब ३५ हजारांच्या आत बसला.

नाशिकला रात्री काम काढले. नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी बोर्डाचा बायोस आधी बदलावा लागतो, तोही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. ते चालू असता वीज गेली तर बोर्ड दगड होण्याची भीती. मे महिना, वळवाच्या पावसाची हवा, दुपारपासून दोनदा वीज जाऊन आलेली. शेवटी शेजारच्या काकांचा यूपीएस उचलून आणला. ती पाच मिनिटे आम्ही तिघे पडद्यावरच्या टक्क्यांकडे असे पाहत होतो, जशी माणसे ऑपरेशन थिएटरच्या दिव्याकडे पाहतात. मग पंखा काढायचा. आतली पेस्ट सहा वर्षांत वाळून डिंक झालेली असते. सरळ उपटला तर प्रोसेसर सॉकेटमधून ओढला जातो, आणि त्याच्या पोटाला १३३१ नाजूक पिना आहेत. म्हणून संगणक आधी चालवून गरम करायचा, स्क्रू सोडवायचे आणि पंखा हलकेच पिळत उचलायचा. ‘‘मामा, तू कर,’’ भाचा म्हणाला. मी हात मागे घेतले. त्यानेच केले.

ह्या मार्गाला मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्सचा खेळ रे ट्रेसिंगशिवाय चालतच नाही आणि ६६०० त्याच्या किमान पात्रतेच्या रेषेवर उभे आहे. पुढच्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ मेमरी लागते. तेव्हा बोर्ड आणि मेमरी दोन्ही जातील. दुकानदार त्या दिवशी खरा ठरेल. पण तो दिवस तीन-चार वर्षे पुढे ढकलला, आणि ती तीन-चार वर्षे म्हणजे ह्या मुलाची अभियांत्रिकीची वर्षे आहेत. शिवाय २०२५ च्या अखेरीस एआयच्या केंद्रांनी मेमरीचा बाजार उचलला. मायक्रॉनने डिसेंबरात घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. जी पट्टी आम्ही सहज पिशवीत टाकून आणली होती, तिच्याकडे आता बहीणही आदराने पाहते.

१०५० टीआय भंगारात गेले नाही. वेगळी वायर लागत नसल्याने ते भाच्याच्या एका मित्राकडच्या, कुठल्याशा कचेरीतून निघालेल्या संगणकात जाऊन बसले. बसवायला भाचाच गेला होता. जाताना पिशवीत पेस्टची नळी, स्क्रूड्रायव्हर आणि काकांचा यूपीएस.