शिकण्याला गाव लागते

१९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि १९७२ मध्ये युनेस्कोच्या पुरस्काराची मानकरी ठरली. तिचे बळ गावात होते. साक्षरतेचा संकल्प अख्ख्या गावाचा, शिकवणारे गावच्याच शाळेतले गुरुजी आणि शेवटी ग्रामगौरव समारंभात सर्वांसमक्ष घोषणा. उतारवयात पाटी धरण्याची लाज अशा वातावरणात बरीच कमी होते.

पण पुढे कित्येक नवसाक्षर अक्षरे विसरले, असा आक्षेप घेतला जातो. तो खराच आहे. मात्र त्याने माझे म्हणणे पक्केच होते. समारंभ उरकला, वर्ग मिटले आणि वाचावे असे रोजचे काम हाती राहिले नाही. प्रौढ माणूस कामी येणारी विद्याच टिकवतो. कराड भागातली उसाची काटापावती पाहा: भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, दोहोंतला फरक. वजाबाकी आणि वर्षभराची कमाई एकाच कागदावर! आज ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात शिकवणाऱ्या स्वयंसेवकांना म्हणूनच विनंती आहे: प्रवेशिकेबरोबर शिकणाऱ्यांच्या घरची काटापावती, वीजबिल आणि बचत गटाचे पासबुकही वर्गात मागवा.