खिडकीजवळचं टेबल

गणपतीच्या महाप्रसादासाठी आपलं मंडळ इथल्या हायस्कूलचा कॅफेटेरिया भाड्याने घेतं. यंदा तिथे मसालेभात वाढताना मी एका पंधरा वर्षांच्या मुलीला म्हटलं, "अगं, खिडकीपाशी जागा आहे, बस ना." ती म्हणाली, "काकू, ते टेबल फॉब पोरांचं आहे." रविवार, शाळा बंद, समोर बाप्पा; तरी शाळेचा कायदा चालूच. आणि हीच मुलगी गेल्या वर्षी बालनाट्यात जिजाऊ झाली होती!

ही 'फॉब' पोरं म्हणजे कालपरवा पुण्याहून, नागपूरहून आलेली आपलीच. आईचं किंवा बाबांचं एच-वन व्हिसाचं काम झालं आणि ऐन नववी-दहावीत इथे येऊन पडली. गणितात पुढे, इंग्रजी चांगलं, फक्त उच्चार तिकडचे आणि बूट चुकीच्या कंपनीचे. त्यांना गोरी मुलं त्रास देत असतील, असं आपण धरून चालतो. माझ्या घरात जे कानावर येतं त्यावरून सांगते, त्यांना टाळण्यात आपलीच मुलं पुढे. इथे जन्मलेल्याला धास्ती असते की याच्या शेजारी बसलो तर आपणही त्यातलेच ठरू. इतकी वर्षं डब्यातली पोळीभाजी लपवून कमावलेली पत एका दुपारीत जायची.

यावर मंडळात ठरलेलं उत्तर म्हणजे 'अमेरिकन संस्कृती'. मला ते पटत नाही. फरक शाळेच्या रचनेत आहे. तिकडे शाळेत आपण वर्षभर एका तुकडीत, बाई बसवतील त्या बाकावर. पटो न पटो, मधल्या सुट्टीत डबा तिथेच उघडायचा. इथे तासागणिक वर्ग बदलतो, शेजारी बदलतात. लंचला कुणी जागा नेमून देत नाही. ट्रे हातात धरून ती ज्याची त्याने मिळवायची. आमच्या थोरलीचं निभावलं, कारण ती मार्चिंग बँडमध्ये होती आणि बँडवाल्यांचं टेबल ठरलेलं. धाकटा नववीच्या सुरुवातीला लायब्ररीत बसून जेवत होता, हे मला दिवाळीत कळलं.

"तुला स्वतःची अक्कल नाही का?" हा आपला आवडता प्रश्न. अक्कल असते हो. टेंपल विद्यापीठाच्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. सोबती बघत असले की १३ ते १६ वर्षांची मुलं एकट्याने खेळताना घेत त्याहून बराच जास्त धोका पत्करत. चोविशीपुढच्यांना त्याने फारसा फरक पडत नसे. कॅफेटेरियात तर अख्खी शाळा बघत असते. तिथे एकट्या पोरीकडून शौर्याची अपेक्षा धरायची, आणि आपण मात्र ग्रीनकार्डवाले एकीकडे, नवे एच-वनवाले दुसरीकडे पंगत मांडून बसायचं?

फार बोलले का? माफ करा, घरीही हीच तक्रार आहे. फोनवरचे ग्रुप, एसएटीच्या क्लासमधली चढाओढ, त्यावरून आयांमध्ये धरलेले अबोले, यावरही लिहायचं होतं. संपादकांनी पानच एक दिलंय.

तर समितीला एवढंच विचारते. बालनाट्याच्या भूमिका मे महिन्यात वाटून होतात आणि नवी कुटुंबं शाळेच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये उतरतात. त्यांच्या मुलांच्या वाट्याला पडदा ओढण्यापलीकडे काही येतच नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या तालमी अजून सुरू व्हायच्या आहेत. त्यात दोन-चार भूमिका त्यांच्यासाठी राखून ठेवता येतील का?