काठी कोणाची, पगार कोणाचा?



ज्वारी हुरड्यात आली की आपण जागलीला माणूस ठेवतो. त्याच्या हातात काठी असते, पण ती आपल्या धुऱ्यापुरती. शेजारच्या वावरात जाऊन तो कोणाला बांधून ठेवू शकत नाही, रस्त्याने जाणाऱ्याची झडती घेऊ शकत नाही. राखण वेगळी आणि पोलिसी सत्ता वेगळी, हे आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसालाही कळते. मुंबई-दिल्लीच्या शहाण्यांना मात्र ते अलीकडे कळेनासे झाले आहे.

जुलै २०२३ मध्ये राज्याच्या गृह विभागाने मुंबई पोलिसांच्या मदतीला ३,००० माणसे कंत्राटी तत्त्वावर घेण्यास मान्यता दिली. मुदत ११ महिने. माणसे पुरवणार राज्य सुरक्षा महामंडळ. हे महामंडळ सरकारचेच आहे, कोणा शेठजीचे नाही, हे आम्ही मान्य करतो. पण पैसे मोजून सुरक्षा पुरवणे हाच त्याचा धंदा आहे. पोलिसाचे काम कंत्राटावर देता येते, हे एकदा रुळले की पुढचे कंत्राट कोणाला जाईल? आज महामंडळ, उद्या खासगी कंपनी. अमेरिका याच वाटेने गेली.

तिथे २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा ब्लॅकवॉटर या कंपनीचे भाडोत्री शिपाई बंदुका घेऊन शहरात फिरले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, याच कंपनीच्या शिपायांनी इराकमध्ये बगदादच्या निसूर चौकात गोळीबार केला. १७ माणसे मेली. इराकचा कायदा त्यांना लागू नव्हता. अमेरिकेतल्या कोर्टाने २०१४ मध्ये चौघांना दोषी ठरवले आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या चौघांनाही माफी दिली. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी आता कोणाचे दार ठोठवायचे?

पण अमेरिका कशाला, आपले वऱ्हाडच पाहा. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते लढाईत हरून नव्हे. निजामाच्या नावाने हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिची एक छावणी इथे जवळच हिंगोलीला होती. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज आणि हुकूम इंग्रज रेसिडेंटाचा. वर्षाला सुमारे ४० लाखांचा बोजा. पगार थकला, कर्ज चढले आणि १८५३ च्या तहाने अख्खे वऱ्हाड त्या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे लावून दिले गेले. त्याच राज्यात अरब जमादारांनीही थकलेल्या पगारापोटी तालुके गहाण ठेवून घेतले होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. फौज कोणाची, हुकूम कोणाचा, आणि पगार कोणी दिला? आपल्या खापरपणज्याच्या कापूस-ज्वारीवरच्या साऱ्याने दिला. भाडोत्री फौजेचे बिल शेवटी कास्तकाराच्याच नावावर फाटते.

ही गोष्ट जुनी झाली म्हणणाऱ्यांनी कोकणात पाहावे. गुहागर तालुक्यात एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीला गावकऱ्यांचा विरोध होता. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत घुसले, बायाबापड्यांना मारले, धरून नेले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ च्या अहवालात नोंदवले की, प्रकल्पावर ठेवलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी भरत होती. यात बेकायदा काही नव्हते. अर्जदाराच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची सोय १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातच आहे. गणवेश सरकारचा, पैसा कंपनीचा. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. अशा पोलिसाकडे कंपनीविरुद्ध तक्रार घेऊन कोण जाणार?

कोणी म्हणेल, सरकारी पोलीस तरी कुठे आपला आहे? खरे आहे. डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या आंदोलनात सुरेगावला पोलिसांच्या गोळ्यांनी तीन शेतकरी गेले, ते आपण विसरलो नाही. पण तिथे निदान विधानसभेत जाब मागता आला, वर्दीवरच्या क्रमांकावर बोट ठेवता आले. कंत्राटदाराचा माणूस कामावरून काढला की प्रकरण मिटले. कंपनी पाटी बदलते आणि दुसऱ्या नावाने परत येते. पोलीस वाईट असेल तर त्याला कायद्याच्या दावणीला बांधा. कुंपण शेत खाते म्हणून शेत लांडग्याच्या स्वाधीन कोणी करत नाही.

आपल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला. रस्त्यामागून गोदामे येतात, प्रकल्प येतात आणि त्यांच्यामागून गणवेशातले रखवालदार. त्यांच्याशी आपले वैर नाही. तीही बहुतेक आपलीच, शेतीत भागत नाही म्हणून बाहेर पडलेली पोरे. पण कायदा माहीत असावा. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे एजन्सीला परवाना लागतो, रखवालदाराला फोटोचे ओळखपत्र द्यावे लागते आणि पोलिसासारखा गणवेश घालणे हा गुन्हा आहे. कोणाला पकडण्याचा त्याचा अधिकार तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त नाही. डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र गुन्हा घडला तरच धरता येते आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. तुमचा बैल कंपनीच्या तारेत शिरला म्हणून तुम्हाला शेडमध्ये कोंडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

जिल्हा बैठकीत आम्ही चार मागण्या ठेवत आहोत. पोलिसांच्या रिकाम्या जागा कायम भरतीने भरा. कंपनीच्या पैशावर पोलीस बंदोबस्त बंद करा आणि त्यासाठी कायदा बदला. आजवर कोणत्या प्रकल्पाने पोलिसांसाठी किती पैसे भरले, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. रखवालदाराची हद्द कंपनीच्या कुंपणाच्या आत. गावरस्ता, पांदण आणि नाल्यावर त्याची सत्ता चालणार नाही.

गावोगावच्या ग्रामसभेत हे ठराव मांडा, चर्चा करा आणि मंजूर प्रती घेऊन बैठकीला या. काठी सरकारने बाळगावी, तिचा खर्च सरकारने करावा आणि तिचा हिशेब आपल्याला द्यावा. एवढेच आपले मागणे आहे.