मंगळावरचे छिद्र आणि आपली प्रयोगशाळा

मंगळावरील यानाची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो. परंतु त्यावरील उपकरणे घडविणाऱ्या हातांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आपल्या विद्यार्थ्यांनी शिकण्याजोगे पुष्कळसे मात्र तिथेच आहे.

अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचे ‘क्युरिऑसिटी’ हे फिरते यान ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरले. त्याच्या वीजस्रोताची क्षमता प्रारंभी सुमारे ११० वॅट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या दोन दिव्यांपुरती होती. तेवढ्यावर खडकाला छिद्र पाडायचे, भुकटी यानाच्या पोटातील प्रयोगशाळेत पोहोचवायची आणि तिचे पृथक्करण करायचे. बिघाड झाल्यास दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही.

असा बिघाड डिसेंबर २०१६ मध्ये झालाच. ड्रिलचे टोक पुढे सरकविणारी यंत्रणा बेभरवशाची झाली. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरील जुळ्या यानावर दीर्घकाळ चाचण्या घेतल्या. टोक बाहेर काढूनच ठेवायचे आणि यानाच्या यांत्रिक बाहूने ते खडकावर दाबायचे, अशी युक्ती त्यांनी योजिली. ड्रिलला स्थिर धरणाऱ्या दोन आधारांचा उपयोग आता उरला नव्हता. म्हणून बाहूवरील दाब मोजणाऱ्या संवेदकावर भिस्त ठेवावी लागली. अखेर मे २०१८ मध्ये सुमारे ५ सेंटिमीटर खोल छिद्र पडले.

भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. अभियंत्याची चाचणी हे त्याच वृत्तीचे एक रूप आहे. आपल्या शाळांतून मात्र विज्ञान बहुधा प्रयोगवहीत उतरवून काढले जाते आणि उपकरणे कपाटात कुलूपबंद राहतात.

यामागे आणखी एक कारण आहे. जातिव्यवस्थेने हात आणि बुद्धी यांची फारकत केली व आपल्या पूर्वजांवर हातांचे काम लादले. म्हणून मुलांचे हात त्या कामातून सुटावेत, ही पालकांची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु लादलेले श्रम वेगळे आणि स्वेच्छेने कमावलेले कौशल्य वेगळे. ज्याला पाना धरता येतो आणि गणितही मांडता येते, तोच नवे उपकरण घडवू शकतो. आपली मुले केवळ पदवीवर थांबली, तर ती फारकत आपणच पुढे चालवू.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना नम्र सूचना अशी, की वसतिगृहाशेजारी एक साधी कार्यशाळा उभी करावी. तिथे मुलांनी वस्तू उघडाव्यात, बिघडवाव्यात, दुरुस्त कराव्यात. काय फसले व का फसले, याची नोंद ठेवणाऱ्यालाही गुण मिळावेत.