‘काइट’, पतंग आणि विसरलेली वावडी

‘किंग लिअर’मध्ये संतापलेला बाप गॉनरिलला ‘काइट’ म्हणून धिक्कारतो. अनुवादाच्या तासाला एका विद्यार्थ्याने तेथे ‘पतंग’ हा शब्द योजला. वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. विद्यार्थ्याने कोश पाहिला होता. कोशाने त्याला अर्थ दिले होते, त्यांतला आधीचा कोणता हे सांगितले नव्हते.

‘काइट’ ही मुळात घार. जुन्या इंग्रजीत ‘क्यूटा’ असे रूप आढळते. ते बहुधा पक्ष्याच्या आवाजावरून आले असावे. पंख न हलवता वाऱ्यावर तरंगणारा हा पक्षी मेलेले, टाकलेले उचलतो. साहजिकच माणसाला लावला की शब्दाचा अर्थ हावरा, लुबाडणारा असा होतो. लिअरच्या तोंडी हाच अर्थ आहे. कागदी खेळण्याला हे नाव मिळाल्याची नोंद १६६० च्या दशकातली, म्हणजे या नाटकानंतर सुमारे अर्ध्या शतकाची. पुढे एकोणिसाव्या शतकात पाठीशी रक्कम नसलेल्या हुंडीला ‘काइट’ म्हणू लागले, आणि लोकमत अजमावण्यासाठी हवेत सोडलेल्या बातमीलाही. भूमितीतला चौकोन हा त्या खेळण्याचाच आकार. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘पतंग’ म्हटले. आकृती मात्र लांबट, विलायती पतंगाची असते, ही गंमत वेगळीच.

‘पतंग’ या शब्दाची वाट निराळी. ‘पत्’ धातूपासून बनलेला हा शब्द संस्कृतात पक्षी, सूर्य आणि दिव्यावर झेपावणारा कीटक अशा तिघांनाही लागतो. गीतेच्या अकराव्या अध्यायातला पतंग कीटकच आहे. इंग्रजीत एका विशिष्ट पक्ष्याचे नाव वस्तूला मिळाले. इथे ‘उडणारे ते’ ही सामान्य संज्ञा आधीपासूनच मोकळी होती. त्याच प्राचीन मुळातून इंग्रजीला ‘फेदर’ मिळाला. नात्याने पतंगाचा भाऊबंद तो, ‘काइट’ नव्हे.

आणि वावडी? ‘वावड्या उठवणे’ हा प्रयोग आमचे विद्यार्थी सर्रास करतात. वावडी म्हणजे कागदी पतंग, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या त्या बातमीसाठी ‘पतंग उडवला’ असे भाषांतर वाचताना हा शब्द हटकून आठवतो. अर्थात दोन्ही प्रयोग तंतोतंत एक नव्हेत. इंग्रजी प्रयोगात दोरी कोणाच्या तरी हाती असते. आपल्या वावडीचा उडवणारा सहसा सापडत नाही.

१९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने जुन्या ग्रंथांतली उदाहरणे दिली, हे मोठेच काम होते. परंतु प्रत्येक अर्थ सनासह, कालक्रमाने मांडणे हे त्याचे धोरण नव्हते. ते काम कोणी एकट्याने करण्याचे नाही, पण एका शब्दापुरते ते एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नक्कीच आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे ठरीव निबंध थोडे बाजूला ठेवून प्रत्येकाकडून एका शब्दाचा अर्थेतिहास मागावा, असे मी विभागात सुचवले आहे. माझ्या वर्गात सुरुवात ‘वावडी’पासून होईल.